लुटलेल्या चित्रावर कादंबरी लिहायची असेल तर

हस्तलिखितं तपासताना पहिल्याच प्रकरणात हिटलर दिसला की मी पेन्सिल खाली ठेवते. नाझींनी लुटलेल्या चित्रावर लिहायचंय ना? मग आधी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. मजकूर पाठीमागे असतो: दलालाचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, लुटीच्या यादीतला क्रमांक. पॅरिसमध्ये रोथशिल्ड या ज्यू बँकर घराण्याकडून उचललेल्या वस्तूंवर ‘आर’ आणि पुढे आकडा पडे.

मग मालकांची जंत्री करा, सालवार. 1933 ते 1945मधली जी ओळ कोरी राहील, तिथे तुमची कादंबरी आहे. पण लगेच सैनिकांकरवी दार फोडू नका. कितीतरी चित्रं रीतसर पावतीवर ‘विकली’ गेली. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर 1938 मध्ये ज्यूंना 5,000 राइशमार्कांवरच्या (तेव्हाचं जर्मन चलन) मालमत्तेची यादी स्वतःच भरून द्यावी लागली. देश सोडायचा तर कर वेगळाच. तो फॉर्म भरणारी बाई मला वाचायचीय. चित्रापुढे ती किती किंमत लिहील?

खलनायक शोधताय? मृत्युपत्र वाचा. व्हिएन्नातल्या श्रीमंत ज्यू घरातल्या आडेल ब्लॉख-बाउअरने 1923 मध्ये लिहिलं होतं, की पतीने त्याच्या पश्चात चित्रकार क्लिम्टची चित्रं व्हिएन्नाच्या संग्रहालयाला द्यावीत. ही विनंती की आज्ञा, आणि चित्रं मुळात कोणाची, यावर पुढे वारस आणि ऑस्ट्रिया सरकार यांचं भांडण चाललं. पुतणी मारिया आल्टमानला व्हिएन्नात दावा परवडेना, कारण तिथलं कोर्टशुल्क चित्रांच्या किमतीवर होतं. म्हणून ती अमेरिकेत लढली. 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्याच लवादाने तिच्या बाजूने कौल दिला. एवढं रटाळ कागदपत्र आणि एवढं नाट्य!

योगायोग मात्र बेताने. ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिसबाहेर फ्रेंच सैनिकांनी लुटीचा माल नेणारी एक जर्मन आगगाडी अडवली, तर त्यांच्या अधिकाऱ्याला, आलेक्सांद्र रोझेनबर्गला, आत आपल्या चित्रदलाल वडिलांचीच चित्रं सापडली. हे खरं घडलंय, तरी तुमच्या हस्तलिखितात आलं तर मी खोडेन. त्याऐवजी रोझ वालाँसारखं पात्र घ्या: नाझी लुटीची चित्रं जिथे आणून ठेवत त्या पॅरिसच्या झ्यू द पोम संग्रहालयात जर्मन येत नाही असं भासवून खोकी कुठे चालली ते टिपून ठेवणारी.

आणि शेवटी चित्र आजीच्या दिवाणखान्यात परत टांगू नका. चार वारस म्हटले की वाटणी आली, म्हणजे विक्री आलीच. क्लिम्टने काढलेलं आडेलचं चित्र 2006 मध्येच न्यूयॉर्कला विकलं गेलं, साडेतेरा कोटी डॉलरला, असं तेव्हा छापून आलं होतं. विम्याचा हप्ता कोण भरणार, हे एखाद्या जावयाने विचारलंच पाहिजे.