मांडीचा मसल सोनोग्राफीवर नीट कसा मोजून घ्यायचा

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय काही आठवडे ब्रेसमध्ये राहिला की मांडी उतरते, हे घरच्यांना नुसतं बघूनही कळतं. ठाण्यात माझ्याकडे फिजिओला येणारे बरेच जण हेच विचारतात, की मॅडम किती उतरलीय आणि व्यायामाने भरून येतेय का? टेपने घेर मोजतो आपण, पण टेप मसल, चरबी आणि सूज सगळं एकत्रच मोजते. सोनोग्राफीत हे थर वेगवेगळे दिसतात, रेडिएशन नाही, एमआरआयपेक्षा खर्च कमी आणि आजी-आजोबांना बोगद्यात झोपवायला लागत नाही. पद्धत नवीनही नाही, जपानमध्ये इकाई आणि फुकुनागा यांनी १९६८ सालीच दंडाचा मसल असा मोजून त्याची ताकदीशी सांगड घातली होती.

एक आधीच सांगते. छोटं मशीन ऑनलाइन मागवून घरी किंवा जिममध्ये मोजू असं कोणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा केंद्राचा कायदा आहे (महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा १९८८ लाच केला होता), त्यामुळे सोनोग्राफी मशीन फक्त रजिस्टर्ड सेंटरमध्येच ठेवता येतं आणि पात्र डॉक्टरच ते वापरू शकतात. हे बंधन असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. म्हणून आपल्या ऑर्थो किंवा फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या, आणि नुसतं 'मांडीची सोनोग्राफी' लिहून आणू नका, 'दोन्ही मांड्या, क्वाड्रिसेप्सची जाडी, तुलनेसाठी' असं लिहून घ्या (क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीच्या पुढचा मोठा मसल). फोन करून विचारून घ्या की मसलची जाडी मोजून देतात का, सगळीकडे हे रोजचं काम नसतं.

जायच्या आधी दोन दिवस पायाचा जोराचा व्यायाम नको, व्यायामानंतर मसलमध्ये पाणी भरतं आणि तो फुगलेला दिसतो. शॉर्ट्स किंवा सैल पँट घाला. आणि वेळेच्या आधी पोचा, कारण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून धावतपळत आलात, जिना चढलात आणि लगेच टेबलावर झोपलात तर आकडा वेगळा येतो, उभ्याचं आडवं झाल्यावर पायातलं पाणी सरकायला वेळ लागतो, म्हणून १०-१५ मिनिटं पडून राहू द्या अशी विनंती करा.

मग जागा ठरवायची. कमरेच्या पुढे हाताला लागणारं टोकदार हाड आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड, यांच्यामधलं अंतर टेपने मोजायचं आणि बरोबर मध्यावर पेनने खूण करायची. समजा अंतर ४२ सेंटीमीटर आलं तर खूण २१ वर. काही डॉक्टर याच्या खाली, गुडघ्याच्या जवळ मोजतात, तेही चालतं, पण कुठे मोजलं ते रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे. पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ, पंजा बाहेर कलू द्यायचा नाही आणि मांडी अगदी सैल, कारण मसल आवळला की जाडी लगेच बदलते.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते, म्हणजे हाताचा दाब. मांडीचा मसल मऊ असतो, प्रोब (डॉक्टर कातडीवर फिरवतात तो मशीनचा भाग) थोडा जरी दाबला तरी तो स्क्रीनवर चपटा होताना दिसतो, आणि जो काही मिलिमीटरचा फरक आपण शोधायला आलोय तेवढा फरक नुसत्या दाबाने पडू शकतो. म्हणून जेल भरपूर हवं, इतकं की स्क्रीनच्या वरच्या टोकाला जेलचा काळा पट्टा दिसला पाहिजे, तो दिसतोय म्हणजे प्रोब जेलवर तरंगतोय, कातडीवर रुतलेला नाही. प्रोब लांबट सपाट तोंडाचा, लिनियर, आणि मांडीला आडवा, काटकोनात धरलेला, तिरका झाला की जाडी जास्त येते.

स्क्रीनवर वरून खाली बघत जा. आधी कातडी, मग चरबीचा गडद थर, मग एक पांढरी रेघ, तिच्याखाली रेक्टस फेमोरिस, पुन्हा पांढरी रेघ, तिच्याखाली व्हॅस्टस इंटरमीडियस (हे दोन्ही क्वाड्रिसेप्सचेच भाग) आणि तळाला मांडीच्या हाडाची चकचकीत पांढरी कमान, जिच्याखाली सगळं काळं. मोजायचं ते वरच्या पांढऱ्या रेघेपासून हाडापर्यंत, चरबी सोडून. तीन वेळा प्रोब उचलून पुन्हा ठेवून मोजायचं आणि सरासरी घ्यायची. दुसऱ्या पायाचंही तसंच. रेक्टस फेमोरिस पूर्ण चौकटीत मावत असेल तर त्याच्या कडेने रेघ फिरवून क्षेत्रफळही काढून मागा. लंडनच्या आयसीयू पेशंट्सवर २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात याच क्षेत्रफळात १० दिवसांत साधारण १८ टक्के घट दिसली होती, म्हणून मोठ्या आजारपणातून उठलेल्या माणसासाठी हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

एकट्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका, तुलना दुसऱ्या पायाशी आणि पुढच्या वेळच्या आकड्याशी करायची. दुसरी सोनोग्राफी ६ ते ८ आठवड्यांनी, शक्यतो त्याच सेंटरला, त्याच डॉक्टरांकडे, त्याच मशीनवर आणि त्याच खुणेवर, म्हणून ते २१ सेंटीमीटर लिहून ठेवा, पेनची खूण आंघोळीत जाते. एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने खूश किंवा नाराज होऊ नका, तो हाताचाही असू शकतो. मसल सारखाच जाड पण आधीपेक्षा पांढुरका दिसत असेल तर त्यात चरबी किंवा तंतू वाढले असू शकतात, ते डॉक्टरांना विचाराच.

आणि घरी म्हाताऱ्या माणसांची ताकदही बघत जा, हाताची घडी छातीवर, खुर्चीतून ५ वेळा उठा-बसा, त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पुढच्या सोनोग्राफीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.