व्ही पटाशी: घेताना आणि चालवताना या चुका टाळा

वीतभर उंचीचा पैलवान किंवा बैलजोडी कोरायला निघालेला नवशिका सगळ्यात आधी काय आणतो? लाकूड कोरायच्या बारा पटाश्यांचा संच. त्यात व्ही, म्हणजे इंग्रजी V सारख्या धारेच्या पटाश्या, तीन असतात, तिन्ही बोथट, आणि पोलाद इतकं मऊ की शिवणीच्या लाकडातली गाठ लागली की धार दुमडते. त्याच पैशात एकच बरी व्ही येते. दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन, ३ मिलिमीटर रुंद. पहिले सहा महिने दुसरी लागत नाही.

दुकानात मागताना नंबर सांगू नका. इंग्लिश आणि स्विस कारखान्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे हवी ती सोडून भलतीच व्ही गळ्यात पडते. अंश आणि मिलिमीटर सांगा. ३ मिलिमीटरची व्ही काठापर्यंत रुतवली तर ९० अंशांची दीड मिलिमीटर खोल जाते, ६० ची अडीचच्या थोडी वर आणि ४५ ची साडेतीनच्या वर. म्हणून मिशीचे केस ९० ने काढले की पसरट, उथळ नांगरट दिसते. ४५ ची रेघ काळीभोर उमटते खरी, पण तिचं टोक नाजूक असतं आणि धार लावायला ती सगळ्यात त्रासदायक. डोळ्यांच्या कडांना दीड मिलिमीटरची ६० घ्या. धोतराच्या मऊ चुण्यांना व्ही नकोच, तिथे बारीक गोल पटाशी लावा.

लिनोकटची, म्हणजे छपाईसाठी मऊ लिनोलियम कोरायची, पाती लाकडावर चालवू नका. पत्र्याची असतात ती, वाकतात.

आता खरं दुखणं. 'नवी व्ही आणली, दोन दिवसांत फाडायला लागली' अशी तक्रार असते, आणि दोष लाकडाला दिला जातो. व्ही म्हणजे दोन सपाट पटाश्या एवढंच धरून लोक दोन्ही बाजू पाथरीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासतात आणि मधला कोपरा तसाच सोडतात. पण आतला कोपरा कधीच सुईसारखा टोकदार नसतो, कारखान्यातून तो किंचित गोल येतो. बाहेरचे दोन उतार मात्र टोकदार कडेवर भेटतात. म्हणजे नेमकं कोपऱ्यावर पोलाद जास्त जाड उरतं आणि तिथे पोपटासारखी चोच पुढे येते. ही चोच कापत नाही, लाकूड दाबत नेते. चोच घालवायला बाहेरची कड पाथरीवर हलकेच डोलवत गोल करा, आतल्या गोलाईला जुळेल इतकीच. पाच-सहा हात मारायचे आणि उजेडात बघायचं.

घाईत उलटंही होतं: कोपरा जास्त घासला जातो आणि तिथे खाच पडते. मग घासत बसू नका. पटाशी पाथरीवर उभी धरून सगळी धार एका पातळीत आणा. धारेवर पांढरी चकाकणारी रेघ दिसेल, ती रेघ म्हणजे बोथटपणा. ती जाईपर्यंतच उतार घासा, एक हातही जास्त नको. शिवणीला २० अंशांचा उतार पुरतो, सागाला २५ ठेवा. सागात सिलिका असते, धार लवकर जाते.

शेवटी चामडं. ते शोधायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. चपलेच्या तळाचा, बाभळीच्या सालीत कमावलेला तुकडा फळीला चिकटवा आणि त्यावर धातू चकाकवायचं हिरवं पॉलिश घासा. पटाशी नेहमी मागे ओढायची, पुढे ढकलली की चामडं कापतं. आतल्या बाजूसाठी जाड पुठ्ठा दुमडून त्याच्या कडेला तेच पॉलिश लावा. दर वीस मिनिटांनी दहा हात. हा कंटाळा करणारे मग तासभर पाथरी घासतात.

दुसरं दुखणं रेषेचं, म्हणजे लाकडातले तंतू ज्या दिशेने धावतात तिचं. एका शिकणाऱ्याने बारा सेंटिमीटरचा पैलवान आठवडाभर खपून तयार केला आणि फेट्याच्या तिरक्या चुण्या शेवटी एका दमात ओढल्या. प्रत्येक चुणीची खालची भिंत गुळगुळीत, वरची केसाळ. तिसऱ्या चुणीला तुऱ्याचा बुंधाच उचकटला. धार उत्तम होती. पण व्ही रेषेला तिरकी चालली की तिचा एक पाख, म्हणजे एक बाजू, सुलट्या रेषेत कापतो आणि दुसरा उलट्या. एक भिंत फाटणारच. फाटणारी भिंत टाकाऊ लाकडाच्या बाजूला ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. पहिली रेघ अर्धा मिलिमीटर ओढून बघा. ठेवायची बाजू फाटत असेल तर चर दुसऱ्या टोकाकडून कापा. दोन्ही बाजू ठेवायच्या असतील तर फाटलेल्या भिंतीवरून पटाशी कलती करून, एकच पाख टेकवून, उलट दिशेने पातळ ढलपी काढा.

पाखांची वरची टोकं लाकडात बुडू देऊ नका. बुडाली की दोन्ही काठ फाटतात. खोल चर तीन फेऱ्यांत घ्या.

सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हाताला लोण्यासारखा वाटतो म्हणून नवशिके त्यावर बोथट व्ही चालवतात. उलट आहे: जितकं लाकूड मऊ तितकी धार तेज लागते, नाहीतर तंतू कापले न जाता चेपतात. धार तपासायची तर पांगाऱ्याच्याच तुकड्यावर, रेषेला आडवी एक रेघ काढा. चराचा तळ चकाकला तर कामाला लागा. तळाशी पांढरट कुसळं दिसली तर पुन्हा कोपऱ्याकडे बघा, चोच अजून आहे.