स्पॅनाकोपिटा घरी कसा करायचा: वर कुरकुरीत पापुद्रे, आत पालक आणि फेटा

स्पॅनाकोपिटा म्हणजे ग्रीसमधला पालक आणि फेटा चीज भरलेला खारा ‘पाय’ (इंग्रजीतला pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ). तिकडे सकाळी बेकरीतून गरम तुकडा कागदात घेऊन लोक चालता चालता खातात, आणि वायव्य ग्रीसमधला एपिरस हा डोंगराळ भाग तर अशा पदार्थांसाठीच प्रसिद्ध आहे. घरी करायला अवघड नाहीये, फक्त एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, सगळं काही पालकातल्या पाण्यावर ठरतं. पाणी राहिलं की खालचे पापुद्रे गिच्च होणार, मग फेटा कितीही महागाचं असू दे.

साधारण २५ बाय ३५ सेंमीच्या ट्रेला लागेल: १ किलो पालक, ३५० ग्रॅम फेटा, पातीच्या कांद्याची एक जुडी, मूठभर शेपू, ३ अंडी, १२ फिलो शीट्स (मैद्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्या), दीड-दोन वाट्या ऑलिव्ह ऑइल (लागेल तसं), मिरपूड आणि हवं तर किंचित जायफळ. छोटा ओटीजी असेल तर सगळं निम्मं घ्या. शेपू नावडती असली तरी प्लीज वगळू नका, खरा ग्रीक वास तिचाच आहे, आपली शेपू जरा उग्र असते म्हणून बेतानं घ्या एवढंच.

फेटाबद्दल थोडं. २००२ पासून युरोपियन युनियनमध्ये हे नाव फक्त ग्रीसच्या ठरलेल्या भागांत बनणाऱ्या चीजलाच लावता येतं, ते मेंढीच्या दुधाचं असतं, त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालतं, आणि ते मिठाच्या पाण्यात मुरतं. चवीला आंबटसर खारट लागतं. आपल्याकडे गायीच्या दुधाचंही फेटा मिळतं, ते चालेल, लेबल मात्र वाचून घ्या. नुसतं पनीर घातलंत तर पोट भरेल पण तो आंबटपणा येणार नाही.

आता पालक. जाड देठ काढा, तीन-चार पाण्यांतून धुवा कारण माती फार असते, आणि जाडसर चिरा. मोठ्या कढईत थोड्या तेलावर पातीचा कांदा परता, मग पालक थोडा थोडा टाकत जा, झाकण अजिबात ठेवू नका, पानं बसली की लगेच गॅस बंद. चाळणीत ओतून पूर्ण गार होऊ द्या आणि मग चक्क्यासारखा सुती फडक्यात बांधून पिळा, थांबा, परत पिळा. शेवटी हातात घट्ट गोळा यायला हवा. ग्रीसमध्ये काही घरांत पालक शिजवतच नाहीत, कच्च्यालाच मीठ चोळून पिळतात, तीही पद्धत छान आहे.

गार पालकात शेपू, मिरपूड, जायफळ, फेटलेली अंडी आणि हातानं कुस्करलेलं फेटा घाला. फेटाचा चुरा अगदी बारीक करू नका, मधेमधे खडे लागले पाहिजेत. मीठ चव बघितल्याशिवाय नाही. तरीही सारण ओलं वाटलं तर दोन चमचे रवा घाला, तो उरलेलं पाणी ओढून घेतो.

फिलो फ्रोझन मिळतं, ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटं होऊ द्या, बाहेर काढून घाई केली तर शीट्स एकमेकींना चिकटतात. पाकीट उघडलं की वर लगेच ओलसर (ओलं नव्हे) फडकं टाका, दोन-चार मिनिटांत कडक होऊन तुटायला लागतात. ट्रेला तेल लावा, सहा शीट्स एकावर एक घाला, प्रत्येकीवर ब्रशनं तेल, कडा बाहेर लोंबू द्या. सारण पसरा, वर उरलेल्या सहा तशाच, मग कडा आत दुमडा. एखादी फाटली तर काळजी नको, फक्त सगळ्यात वरची चांगली ठेवा.

बेक करायच्या आधीच धारदार सुरीनं वरच्या थरांवर चौकोन आखा, तळापर्यंत कापू नका. नंतर कापलं तर सगळा चुरा होतो आणि वाफेलाही बाहेर जायला वाट लागतेच. वर हातानं थोडं पाणी शिंपडा म्हणजे पापुद्रे वर वळत नाहीत. १८० डिग्रीला प्रीहीट केलेल्या ओव्हनमध्ये खालच्या रॅकवर ५० मिनिटं ते तासभर, रंग छान सोनेरी-तपकिरी यायला हवा. बाहेर काढल्यावर निदान २० मिनिटं थांबा, सारण बसतं मग तुकडे नीट निघतात.

अंडी खात नसाल तर नुसती वगळा आणि रवा थोडा वाढवा. ईस्टरच्या आधीच्या उपवासात तर ग्रीक लोक अंडी आणि चीज दोन्ही न घालता करतात, कांदा आणि शेपू भरपूर, कधी मूठभर तांदूळ.

उरलेला तुकडा ओव्हनमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको, मऊ पडतो. आणि पाहुण्यांसाठी करायचा असेल तर फिलोच्या पट्ट्या कापून समोशासारखे छोटे त्रिकोण वळा, न भाजता फ्रीझ करा, आयत्या वेळी न वितळवता थेट ओव्हनमध्ये टाका, वेळ फक्त पाच-दहा मिनिटं जास्त लागेल.