हप्ता आधी भरून बघा, मग कर्ज काढा

आमच्या घराचा पहिला हप्ता आम्ही जानेवारी २०२१ मध्ये भरला आणि घराची किल्ली हातात आली मार्च २०२४ मध्ये. मधली तीन वर्षं तो हप्ता आम्ही स्वतःलाच भरत होतो. घरासाठी कर्ज काढायचं म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं, की मी सगळ्यात आधी हेच सांगते.

मी चिंचवडच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमचे हे भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. चिखलीत भाड्याने राहायचो, भाडं साडेनऊ हजार. आमच्या वॉर्डातल्या सिनियर सिस्टरनी एकदा रात्रपाळीत, औषधांच्या चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला मला हिशेब मांडून दिला. ३२ लाख कर्ज, वीस वर्षं मुदत. तेव्हा व्याज सात टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे हप्ता जवळपास २४,८००. त्यांनी तो आकडा खोडला आणि म्हणाल्या, "दीड टक्का वाढवून धर. व्याज असंच राहत नाही." साडेआठ टक्क्यांनी हप्ता झाला २७,७७०. त्यातून भाडं वजा केलं, तर उरले १८ हजार. दुसऱ्याच आठवड्यात मी १८ हजारांची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) उघडली, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळती होणारी.

सिस्टरांचं खरं ठरलं. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. आम्ही कर्ज घेतलं तेव्हा आम्हाला दर मिळाला बरोबर साडेआठ.

पहिल्या वर्षात दोनदा आमची आरडी चुकली. एकदा दिवाळीला, एकदा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आरडीत थोडा दंड भरून पुढच्या महिन्यात भरपाई करता येते. बँकेचा हप्ता असा परत गेला असता, तर दंड वेगळा बसला असता आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला असता तो वेगळा. या दोन चुकांमुळेच कळलं, की तीन हप्त्यांएवढी रक्कम कायम बाजूला हवी आणि तिला घराच्या खर्चातही हात लावायचा नाही. कागदावर हप्ता परवडतो असं वाटणं वेगळं आणि दिवाळीच्या महिन्यात तो प्रत्यक्ष भरणं वेगळं. तुमच्या पगारात किती जमतं ते दोन-तीन वर्षं भरूनच कळेल. नाही जमलं तर घर लहान घ्या किंवा थोडं थांबा.

बँक जे देत नाही ते

छत्तीस महिन्यांनी आरडीचे सात लाखांच्या थोडे वर आले. फ्लॅट ठरला ४० लाखांना, जुन्या इमारतीतला, रिसेलचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. आम्हाला मिळू शकणार होते ३२ लाख. म्हणजे ८ लाख आपले.

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि इथेच घोटाळा होतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं आणि २ लाख ८० हजारांऐवजी २ लाख ४० हजार भरले. सासरी थोडी कुजबुज झाली, पण ४० हजार म्हणजे आमच्या दोन महिन्यांच्या आरडीपेक्षा जास्त होते. हे कर्जात सहकर्जदार आहेत. सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं नसतं. उलट जे जे मालक असतील त्यांना मात्र बँका कर्जात घेतातच. नवऱ्याचं नाव मालक म्हणून घातलं असतं तर सवलत गेली असती.

नोंदणी फी ३० हजार, एजंटचा एक टक्का म्हणजे ४० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार (महापालिका हद्दीत याहून जास्त मागता येत नाही, मागितलं तर नियम दाखवा), बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, गहाणाच्या नोटिशीचा (घर बँकेकडे गहाण असल्याच्या सरकारी नोंदीचा) खर्च. वर नळ आणि वायरिंगची दुरुस्ती. ८ लाखांचे पावणेबारा-बारा लाख झाले. आरडीखेरीज यांच्या पीएफमधून घरासाठी पावणेतीन लाख काढले, माझी भिशी लागली होती ते ६० हजार, आणि सासूबाईंनी सोयाबीनच्या पैशातून दीड लाख दिले. सासूबाई रोख देणार होत्या. मी त्यांना चेकच मागितला, कारण आपला हिस्सा कुठून आला हे बँक पासबुकात बघते.

या हिश्श्यासाठी पर्सनल लोन किंवा सोनं गहाण ठेवून कर्ज काढू नका. तो हप्ता तुमच्या डोक्यावर बसतो आणि बँक तेवढं घराचं कर्ज कमी करते. आम्ही दोघं मिळून हातात ६३ हजार आणायचो. बँकेनं सांगितलं, सगळे हप्ते मिळून निम्म्याच्या आत हवेत. यांच्या मोटरसायकलचा ३,१०० चा हप्ता चालू होता, तो धरला तर आम्ही अगदी काठावर येत होतो. अर्जाच्या तीन महिने आधी ते कर्ज फेडून टाकलं.

अर्जाच्या सहा महिने आधी

क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे तुमच्या आजवरच्या कर्जांचा आणि फेडीचा अहवाल. तो बनवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नवरा-बायको दोघांचाही काढा. यांच्या रिपोर्टमध्ये फ्रिजचं एक जुनं कर्ज, २०१८ सालीच फिटलेलं, 'चालू' आणि वर १,१०० थकीत दिसत होतं. त्या फायनान्स कंपनीत यांनी चार चकरा मारल्या, फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस. शेवटी लेखी अर्ज देऊन 'नो ड्यूज' पत्र घेतलं, ते जोडून क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली, तेव्हा ते बंद झालं. आता अशी तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून. पण भरपाईपेक्षा वेळ महत्त्वाचा. ही भानगड टोकन (सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम) दिल्यावर कळली असती तर आमचा सौदा गेला असता. मित्राला कुठे जामीन राहिला असाल तर तेही रिपोर्टमध्ये येतं, घरात आधीच खरं सांगून टाका.

कागद साधेच असतात: तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, आधार, पॅन. स्टेटमेंटमध्ये परत गेलेला चेक दिसू नये एवढं बघा.

घराचे कागद

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचे पैसे इथेच बुडाले. पहिला फ्लॅट आम्ही मोशीत बघितला होता. पूर्वेकडे खिडकी, खाली किराणा, शाळा चालत दहा मिनिटांवर. माझा जीव बसला त्यावर. २५ हजार टोकन दिलं, साध्या कागदावर पावती घेतली. बँकेच्या वकिलानं फाइल चाळली आणि विचारलं, भोगवटा प्रमाणपत्र कुठे आहे? ते, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, इमारतीला मिळालेलंच नव्हतं. कर्ज नामंजूर. टोकनमधले १५ हजार कसेबसे परत मिळाले, १० हजार गेले.

त्यानंतर टोकनच्या पावतीवर एक ओळ मी स्वतः लिहून घ्यायला लागले: "मालमत्तेच्या कागदपत्रांमुळे बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत." खाली विकणाऱ्याची सही, एजंटची नव्हे. जो ही ओळ लिहायला तयार नाही त्याच्या कागदांत काहीतरी आहे असं समजा. आणि टोकन ऑनलाइनच द्या.

आमच्या भागात आणखी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात. एक, गुंठेवारीची जागा, म्हणजे जमिनीचे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले तुकडे. स्वस्त मिळते, पण बहुतेक बँका तिला हातही लावत नाहीत. दुसरी, रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे आणि तळवडे, चिखलीचा काही भाग त्यात येतो. तिथे घरं उभी आहेत, माणसं राहतात, तरी बँक कर्ज देत नाही. घर बघायला जाण्याआधी सर्व्हे नंबर विचारा. नदीकाठी असेल तर पूररेषाही.

रिसेलच्या घराला मागची साखळी लागते: बिल्डरपासून आतापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करार, त्याची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत पत्र, कर आणि मेंटेनन्सच्या पावत्या. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, वेगळा येतो. त्यानं काढलेली किंमत करारापेक्षा कमी आली, तर कमी किमतीवर कर्ज मिळतं आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

विकणाऱ्यानं "चार लाख रोख द्या, कागदावर छत्तीस दाखवू" असं म्हटलं तर उठा. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते, म्हणजे रोखीचे ते चार लाख सगळे तुम्हाला उभे करावे लागतात, आणि त्यांचा पुरावाही उरत नाही.

आमच्या विकणाऱ्याचं स्वतःचं ११ लाखांचं कर्ज बाकी होतं. घाबरण्यासारखं काही नसतं. त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं आणि ठेवलेल्या मूळ कागदांच्या यादीचं पत्र घेतलं, आमच्या बँकेनं ११ लाखांचा चेक थेट त्या बँकेच्या नावे काढला, उरलेला विकणाऱ्याला. मूळ कागद सुटून यायला तीन आठवडे लागले. तेवढा वेळ करारात धरून ठेवा.

नव्या, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेणार असाल तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, कायद्यानं बिल्डरला मागताच येत नाही. त्यावर जीएसटी ५ टक्के; आपल्या भागात ९० चौरस मीटर कार्पेटच्या (घराच्या आतल्या वापराच्या जागेच्या) आत आणि ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. तयार, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. आम्ही नवं घेतलं नाही, कारण ताबा मिळेपर्यंत भाडं आणि दिलेल्या रकमेचं व्याज दोन्ही भरावं लागलं असतं.

मंजुरीपत्र हातात आल्यावर

सही करण्याआधी पत्र घरी आणा आणि वाचा. दर रेपोशी जोडलेला आहे ना, ते बघा. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नव्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) कर्जाला तो बाहेरच्या दराशी जोडावाच लागतो, बहुतेक ठिकाणी तो रेपोच असतो, आणि तीन महिन्यांत एकदा तरी बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर ही सक्ती नाही, म्हणून त्यांचा दर आज कमी दिसला तरी नीट विचारा.

आमच्या मंजुरीच्या वेळी अधिकाऱ्यानं ९६ हजारांचा एकरकमी विमा कर्जातच घालून ठेवला होता, "सगळ्यांनाच घ्यावा लागतो" म्हणून. मी म्हटलं, सक्तीचा आहे असं लेखी द्या. दुसऱ्या दिवशी तो आकडा निघून गेला. विमा हवाच, पण यांचा आणि माझा साधा टर्म विमा आम्ही बाहेरून घेतला. कर्जात घातलेल्या विम्यावर वीस वर्षं व्याज चढतं.

"कर वाचेल" म्हणून कर्ज मोठं काढू नका. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि आमच्यासारख्या पगारावर मुळात कर बसतच नाही.

पहिल्या महिन्याच्या २७,७७० पैकी २२,६६७ व्याजात गेले, मुद्दलातून फक्त ५,१०३ कमी झाले. तो आकडा बघून मी दोन मिनिटं गप्प बसले होते. म्हणून बोनस आला की एक जादा हप्ता मुद्दलात भरतो. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर वीस वर्षांतली साधारण साडेतीन वर्षं कमी होतात. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा हप्ता कमी करायचा की मुदत, असा प्रश्न आला. आम्ही हप्ता तोच ठेवला. तो भरायची सवय तर आम्हाला २०२१ पासूनच होती.

ताबा घेतल्यावर वीजमीटर, मिळकत कर आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं काम महिनाभरात उरका, नंतर ते राहतं. आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा झाले त्याची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या. कर्ज फिटल्यावर ते कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आमच्या यादीत चौदा कागद आहेत. ती यादी मी मुलीच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवली आहे आणि तिचा फोटो यांच्या मोबाइलमध्येही आहे.