गोड सोडूनही रक्तशर्करा उतरत नाही? आहारातील या चुका टाळा

चहातील साखर बंद केली, आंबा वर्ज्य केला, तरी जेवणानंतरची रक्तशर्करा चढीच राहते, अशी तक्रार पुण्यात घरोघरी ऐकू येते. यामागचे एक महत्त्वाचे आणि बहुधा दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे आपण ताटातून काय काढायचे एवढेच पाहतो, मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला काय उरते हे पाहत नाही. आपल्याला न पचणारा चोथा (फायबर) हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट यांसारखी मेदाम्ले तयार होतात आणि त्यांच्यामुळे आतड्यातील पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडण्याची चालना मिळते, जे जेवणानंतर इन्सुलिन स्रवण्यास मदत करते.

सर्वांत मोठी चूक उपवासाच्या दिवशी होते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातील जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात प्रथिने आणि चोथा नाममात्र असतात, आणि खिचडीत वर बटाटाही पडतो. शेंगदाण्याच्या कुटामुळे शोषण थोडे मंदावते, हे खरे असले तरी मोठी ताटली भरून खाल्लेली खिचडी रक्तशर्करा झपाट्याने चढवते आणि जिवाणूंच्या हाती फारसे काही लागू देत नाही. ज्यांना एकादशी मोडायची नाही, त्यांनी राजगिऱ्याचे थालीपीठ, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे भरीत आणि ताक असा बेत करावा. खिचडी हवीच असेल तर ती वाटीभरच घ्यावी.

दुसरी चूक उत्साहाची आहे. दोन हजार कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा असावा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे मानक सांगते; ते वाचून अनेकजण एकाच आठवड्यात कडधान्ये, कोंडा आणि इसबगोल यांचा मारा सुरू करतात, पोट फुगते, आणि ‘मला कडधान्ये सोसत नाहीत’ असा निष्कर्ष काढून सारे सोडून देतात. वायू हा जिवाणूंनी काम सुरू केल्याचाच परिणाम असतो, मात्र त्यांना जुळवून घ्यायला काही आठवडे द्यावे लागतात. मटकी रात्रभर भिजवावी, ते पाणी ओतून टाकावे, मोड आणून नीट शिजवावी आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे उसळीपासून सुरुवात करावी. पाणीही वाढवावे, नाहीतर बद्धकोष्ठ होते. पोटदुखी टिकली किंवा वजन घटू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

चहाबरोबरची खारी आणि टोस्ट गोड लागत नाहीत म्हणून ती चालतात, हा समजही सोडावा, कारण दोन्ही मैद्याचीच असतात. ‘मल्टिग्रेन’ पावाच्या वेष्टनावर घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो विकत घेऊ नये. कणीक बारीक चाळून कोंडा फेकणे हीदेखील तशीच चूक. दह्याबाबत एवढेच, की कढी उकळली की त्यातील जिवाणू मरतात. जिवंत जिवाणूंसाठी ताजे ताक प्यावे.

साखरेऐवजी सॅकरिन किंवा सुक्रॅलोज वापरणे पूर्णपणे निरुपद्रवी मानू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२० निरोगी व्यक्तींवरील इस्रायली अभ्यासात या दोन पदार्थांनी काहींचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडवल्याचे आणि त्याचा आतड्यातील जिवाणूंशी संबंध असल्याचे दिसले. त्यापेक्षा चहाची गोडी हळूहळू कमी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

‘मी बारीक आहे, मला कशाला मधुमेह होईल’ हा भ्रम पुण्यातीलच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका छायाचित्राने दूर केला आहे: त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३ असा सारखाच होता, पण शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के होता.

शेजाऱ्याचा आहार जसाच्या तसा उचलणेही टाळावे. २०१५ साली ८०० जणांवर झालेल्या अभ्यासात एकाच पदार्थाने वेगवेगळ्या व्यक्तींची रक्तशर्करा फार वेगळ्या प्रमाणात वाढलेली आढळली. म्हणून ग्लुकोमीटर असेल तर नेहमीचे एकच जेवण निवडावे, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच जेवण आधी कोशिंबीर व उसळ, शेवटी भात या क्रमाने घेऊन पुन्हा मोजावे. मात्र ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू आहे, त्यांनी भात-पोळी एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी, कारण जुन्या मात्रेवर रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.