चोवीस तासांची बाई ठेवताना
बडोद्यात दोघंही नोकरीला जाता आणि बाळासाठी राहती बाई ठेवताय? मग पहिला आठवडा दोघांपैकी एकानं रजा टाकून घरीच थांबावं. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आधी जिथं काम केलं तिथं फोन लावा. आधार कार्डावर वय 18 पूर्ण आहे ना, बघा. घरकामाच्या बाईची पोलिसांकडची नोंदणी गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर होते. पगार, आठवड्याची सुट्टी आधीच ठरवा. दाहोद या आदिवासी जिल्ह्याकडची असेल तर होळीची रजा धरूनच चाला, ती जाणारच! झोपायला आतून कडी लागेल अशी जागा द्या. तापाचं औषध मात्र तुम्हाला फोन केल्याशिवाय द्यायचं नाही. गुजरातीही वाचता येत नसेल, तर औषधाच्या मापावर पेनानं रेघ मारून दाखवा.