बॅकग्राउंड काढा, पण केस शाबूत ठेवून

एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड उडवून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यांतल्या मॉडेलचे केस मात्र बहुतेक वेळा चापूनचोपून बांधलेले असतात. मोकळे, भुरभुरणारे केस असलेला फोटो घ्या आणि मग तेच बटण दाबून बघा.

पुढचं सगळं फोटोशॉपसाठी आहे. गिंप या फुकट मिळणाऱ्या फोटो-एडिटरमध्ये टूल्स वेगळी, विचार तोच.

लेयरची (म्हणजे फोटो असलेल्या थराची) कॉपी करा आणि मुख्य विषय आपोआप निवडणारं 'सिलेक्ट सब्जेक्ट' दाबा. सुटलेला भाग क्विक सिलेक्शनने जोडा, जास्तीचा ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून वजा करा. बाटली किंवा खुर्चीसारखी रेखीव कडांची वस्तू असेल तर सरळ पेन टूल घ्या.

इरेझरला हात लावायचा नाही. पुसलेले पिक्सेल गेले ते गेलेच. लेयर मास्क म्हणजे लेयरचे भाग न पुसता लपवणारा पडदा; त्यावर काळ्या ब्रशने भाग झाकला जातो, पांढऱ्याने परत येतो आणि एक्स दाबला की रंगांची अदलाबदल होते. एवढं सोपं असताना इरेझर शिकवणारे अजून भेटतात, याला काय म्हणावं!

आता केस. सिलेक्शन तसंच ठेवून 'सिलेक्ट अँड मास्क' उघडा. मूळ बॅकग्राउंड उजळ असेल तर व्ह्यू 'ऑन ब्लॅक' ठेवा, गडद असेल तर 'ऑन व्हाइट'. कडेची घाण उलट रंगावरच दिसते. चौकटी-चौकटींच्या पारदर्शक व्ह्यूवर सगळंच छान वाटतं, त्यावर विसंबू नका.

रिफाइन एज ब्रश फक्त तिथेच फिरवा जिथे बटांमधून मागचं दिसतंय. कपाळावर किंवा कानावर गेला की कातडी अर्धपारदर्शक होते, आणि हे नवी बॅकग्राउंड टाकेपर्यंत कळतही नाही. फेदर (कड धूसर करणारा) आणि स्मूथ (कड गुळगुळीत करणारा) हे स्लायडर शून्यावर. कड खरखरीत दिसली की फेदर वाढवा, हा सल्ला सर्रास दिला जातो; त्याने केस मऊ होत नाहीत, डोक्याभोवती धूसर वलय उमटतं. कड आत-बाहेर सरकवणारं 'शिफ्ट एज' उणे केलं तर वलय आत जातं, पण बटांची टोकंही जातात. खांद्यांची कड वेगळी सुधारायची असेल तर ती नंतर मास्कवर हाताने करा.

मग उरते रंगाची झालर: हिरवळीसमोर काढलेल्या फोटोत केसांच्या टोकांना हिरवट छटा राहतेच. ती घालवायला 'डिकंटॅमिनेट कलर्स' हा पर्याय आहे, पण तो पिक्सेलचेच रंग बदलतो आणि कधीकधी बटांवर भलतेच डाग पाडतो. मी तो बंद ठेवतो. आउटपुट 'लेयर मास्क' निवडतो, वर नवा रिकामा लेयर घेऊन क्लिपिंग मास्क करतो (म्हणजे रंग फक्त खालच्या लेयरच्या दिसणाऱ्या भागावरच लागतो), ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायची पद्धत, 'कलर' ठेवतो, केसांचाच रंग उचलून मऊ ब्रश झालरीवरून फिरवतो. काळ्या केसांना पांढरी झालर असेल तर मात्र 'कलर'चा उपयोग नाही, कारण तो उजळपणाला हात लावत नाही. तिथे गडद करणारा 'मल्टिप्लाय' मोड हवा.

एकेकट्या उडणाऱ्या केसांचा नाद सोडा. ते मास्कमधून काढून टाका आणि हवेच असतील तर १-२ पिक्सेलच्या ब्रशने नवे काढा. आणि निवड तुमच्या हातात असेल तर उजळ बॅकग्राउंडच्या जागी उजळच टाका. झालर तिच्यातच मिसळून जाते.

नव्या चित्रात उजेड कुठून येतोय ते बघा, कर्व्हजने (उजेड आणि रंग बदलणाऱ्या टूलने) रंग जुळवा, माणूस पायांपर्यंत दिसत असेल तर खाली सावली टाका. पारदर्शक फाइल हवी असेल तर पीएनजी. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही. लेयर्ससकट पीएसडीही (फोटोशॉपची स्वतःची फाइल) जपा, कारण फाइल पाठवली की 'मागचं जरा निळसर करता येईल का?' हा निरोप येतोच.